प्रभारी कावळा

कावळा शिवत नव्हता आणि ऊन चढत चाललं होतं.

निर्गुडा नदीच्या काठी सुचित्राबाईंचा दहावा होता. कावळे नव्हते असं नाही. वणीत माणसाला पाणी वेळेवर मिळत नसेल, पण कावळ्यांचा तोटा कधी पडला नाही. समोरच्या कडुलिंबावर ते दाटीवाटीने बसले होते. त्यांतला एक, मानेवर पांढरट पीस असलेला, मघाशी खाली उतरला, पिंडाभोवती फिरला, तपासणीला आलेल्या साहेबासारखी मान वाकडी केली आणि काहीएक शेरा न देता फांदीवर परत जाऊन बसला.

कावळा शिवला नाही की मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं धरतात, आणि मग जमलेली मंडळी एकेक करून वचनं देऊ लागतात. तशी ती सुरू झाली होती. उज्ज्वलाकाकू म्हणाल्या, "वहिनी, तुमची तुळस मी वाळू देणार नाही." कावळा ढिम्म. शेजारचे म्हणाले, मांजराला आम्ही दूध घालू. कोणीतरी म्हणालं, रेडिओ दुरुस्त करून आणू. कावळ्याने पंख खाजवले. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं.

भैरवी पिंडासमोर बसली होती. ती एकुलती एक; वडील जाऊन बरीच वर्षं झालेली; म्हणून सगळं तिनेच केलं होतं. आईला आपण काय वचन द्यावं हे तिला सुचत नव्हतं. आईने कधी काही मागितलंच नव्हतं.

शेवटी नंदकिशोरकाका उठले. सुचित्राबाईंचे हे धाकटे दीर पांढरकवड्याहून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले होते. खुर्ची सुटली तरी भाषा सुटली नव्हती. त्यांनी टोपी सारखी केली, घसा साफ केला आणि कडुलिंबाकडे तोंड करून सुरुवात केली.

"वहिनी, उपरोक्त परिस्थिती विचारात घेता, आणि सर्व संबंधितांच्या वतीने, मी असं आश्वासित करतो की आपली भैरवी, जिला अद्यापपावेतो अपत्य नाही, तिला येत्या वर्षश्राद्धाच्या आत..."

तेवढ्यात पुलावरून कोळशाचा ट्रक गेला. हॉर्न असा लांबलचक वाजला की काकांचं पुढचं बोलणं त्याच्याखाली चेंगरलं. भैरवीच्या मागे आईच्या मैत्रीण मानीबाई पदर तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटत होत्या, रडत असाव्यात. हॉर्न थांबला तेव्हा पांढऱ्या पिसाचा कावळा पिंडावर होता आणि त्याची चोच भातात होती.

"शिवला! शिवला!"

सगळे उठले. चपला शोधू लागले. कोणी डोळे पुसले, कोणी पाण्याची बाटली तोंडाला लावली. काका विजयी चेहऱ्याने म्हणाले, "बघा. इच्छा ही होती."

भैरवी बसूनच राहिली.

तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या काळात तिला मूल कधी, हे वणीत ज्याला तोंड आहे त्याने विचारलं होतं. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवायची तिथल्या शिपायाने विचारलं होतं, गॅस सिलिंडर आणणाऱ्याने विचारलं होतं, दाढ काढायला गेली तेव्हा तोंडात चिमटा असताना दाताच्या डॉक्टरने विचारलं होतं. विचारलं नव्हतं ते एका आईने. एकदाही नाही.

सुचित्राबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉलच्या जमान्यापासून. लहानपणी भैरवी शाळेतून थेट एक्स्चेंजमध्ये जायची आणि आईच्या स्टुलाशेजारी बसून पाहायची. आई दोरीची पिन भोकात खुपसायची, म्हणायची, "लागला. बोला," आणि कानावरचं काढून बाजूला ठेवायची.

"तू ऐकत नाहीस, काय बोलतात ते?"

"आपण लाइन जोडायची अन् कान काढून घ्यायचा," आई म्हणायची. "तीन मिनिटं झाली की सांगायचं, तीन मिनिटं झाली. तेवढंच आपलं काम."

पुढे ट्रंक कॉल गेले, पण हे वाक्य राहिलं. लग्नाकार्यात एखादी मावशी भैरवीचा दंड पकडून "काय ग, काही गोड बातमी?" म्हणू लागली की आई मागून कुठून तरी उगवायची. "तीन मिनिटं झाली," एवढं म्हणायची आणि भैरवीला घेऊन जायची. मावशी पुढचा अर्धा तास, कशाची तीन मिनिटं, या विचारात राहायची.

ती आई. आणि तिने कावळ्याच्या चोचीने विचारलं! म्हणजे मनात होतंच तिच्या? अकरा वर्षं गिळून बसली होती? भैरवीला आईच्या मरणाचं जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं आता येऊ पाहत होतं, आणि ते नेमकं कशाचं आहे हे तिला कोणाला सांगता आलं नसतं.

---

तेरावा झाला, आणि पुढच्या रविवारी काका बगलेत फाइल घेऊन आले.

"आढावा बैठक," ते म्हणाले.

"कशाची?" भैरवीच्या नवऱ्याने, साकेतने विचारलं. तो खाणीत सर्व्हेअर होता, शांत माणूस.

"आश्वासनपूर्तीची. जिवंत माणसाला दिलेलं आश्वासन वेगळं, साकेतराव. त्याचं काय होतं ते मी सेवेत असताना पाहिलंय. पण हे वर दिलेलं आहे. इथे मुदत पाळावी लागते."

भैरवी नाही म्हणू शकली असती. पण आई जर तिकडे खरंच अडकून बसली असेल तर? ती विज्ञान शिकवायची. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि आईला ताटकळत ठेवणं वेगळं. ती डॉक्टर मितालींकडे गेली. अर्धवट सोडलेले उपचार पुन्हा सुरू झाले.

तपासण्यांत नवीन काही निघालं नाही. साकेतचे रिपोर्ट पूर्वीसारखेच चांगले होते. भैरवीच्या नळ्या मोकळ्या होत्या. थायरॉइड मंद. दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक गाठी, मोत्यांच्या सरासारख्या कडेने लागलेल्या. पाळी आपल्या मर्जीने येणारी. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "बीजं भरपूर आहेत. पण एकही पूर्ण वाढून बाहेर पडत नाही. म्हणजे अंडं फुटत नाही. त्याच्यामागे इन्सुलिन आहे, थायरॉइड आहे, वजन आहे, थोडं घराण्यातून आलेलं असतं. एक कारण नसतं यात."

काका सोबत आले होते. त्यांनी बाहेर आल्यावर पहिली हरकत घेतली ती शब्दाला. "आपल्या घरात अंडं म्हणत नाहीत. बीज म्हणावं."

मग दिनक्रम सुरू झाला. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि त्यानंतर अर्धा तास चहा नाही. तर काका फिरायला निघाले की फाटकाशी थांबून खिडकीतून पाहत, भैरवीच्या हातात कप तर नाही. इन्सुलिन ताळ्यावर आणायची गोळी जेवणानंतर. वजन कमी व्हायला हवं म्हणून उज्ज्वलाकाकूंनी स्वतःच्याही घरी साखर बंद केली आणि त्याचा राग येता-जाता भैरवीवर काढू लागल्या. बीज वाढायच्या गोळ्या झाल्या की सोनोग्राफी. एक दिवसाआड जायचं आणि कोणतं किती मिलिमीटर झालं ते पाहून यायचं.

आणि कावळा आला.

पहिल्याच सोनोग्राफीच्या दुपारी तो अंगणाच्या भिंतीवर बसलेला होता. मानेवर पांढरट पीस. काकांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं.

"तोच आहे."

"कावळे सारखेच दिसतात, काका," साकेत म्हणाला.

"माझी अडतीस वर्षं ओळख पटवण्यात गेली, साकेतराव. जिवंत माणसं मेली दाखवून जमिनी लाटणारे मी पकडलेत. मला कावळा ओळखता येणार नाही?"

ते भिंतीपाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, डावीकडे चौदा. उजवीकडे निरंक."

कावळ्याने ऐकून घेतलं. काकूंनी त्याला पोळीचा तुकडा घातला, तो त्याने नेला. एवढं मिळाल्यावर कोणता कावळा दुसऱ्या दिवशी यायचा राहील?

त्यानंतर दर वेळी असंच. काका अंगणात उभं राहून मोठ्याने सांगत, कारण कावळ्याला कमी ऐकू येत असेल तर वर चुकीचं कळायचं. त्यामुळे आळीलाही कळू लागलं. भैरवी कॉलेजला निघाली की पेपरवाला सायकल थांबवून हळूच विचारी, "ताई, उजवीकडे काही?" समोरचे निवृत्त पोस्टमास्तर तर कावळा आला की उठून उभे राहत. एकदा डावीकडे अठरा झालं आणि किराणा दुकानदाराने पेढे नाही, पण गूळ-शेंगदाणे वाटले. उगाच आधीच पेढे वाटून दृष्ट लागायला नको, म्हणाला.

या सगळ्यात मानीबाईंचं काहीतरी बिनसलं होतं.

मानीबाई राठोड या आईच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रीण. दिग्रसकडच्या तांड्यावरून नोकरीला आलेल्या, आईच्या शेजारच्या स्टुलावर बसून रिटायर झालेल्या. आई गेल्यावर त्या रोज येऊ लागल्या. पण बोलत नसत. आल्या की थेट स्वयंपाकघरात. बैठकीत काका विचारू लागले, "भैरवी, मागची पाळी कोणत्या तारखेला...", की त्यांचा मोबाइल वाजायचा.

"हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?"

काका ओरडत ओसरीवर जायचे. परत यायचे. "राँग नंबर. हं, तर तारीख..." पुन्हा वाजायचा.

तिसऱ्या बैठकीत भैरवी पाणी आणायला आत गेली तर मानीबाई ओट्यापाशी उभ्या, एका हातात झारा, दुसऱ्या हातातला फोन कानाला, आवाज थेट एक्स्चेंजमधला: "कृपया डायल किया गया नंबर जाँच लें." भैरवीला पाहून त्यांनी फोन पदराखाली घेतला आणि वरणाला फोडणी दिली.

दारावर आलेल्या बायकांच्या बाबतीतही त्या असंच काहीतरी करत. कोणी "भैरवीचं काय ठरलं मग?" म्हणालं की मानीबाईंच्या हातून ताटांची चळत पडायची. एकदा पडायला ताटं नव्हती तर त्या स्वतः पडल्या. लोक म्हणू लागले, मैत्रिणीच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलं. भैरवीलाही तसंच वाटलं. तिने त्यांना उठवून बसवलं, गुडघ्याला हळद लावली.

"मावशी, लागलं काय?"

"नाई व माय," मानीबाई म्हणाल्या. "पन ते इचारून राह्यली होती, तिले काय आयकू आलं?"

"काही नाही. तुमच्याकडेच बघत होती."

"मंग बरं हाये," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या.

अठराचं वीस झालं, बीज फुटायचं इंजेक्शन झालं, काकांनी कावळ्याला विसाचं वृत्त दिलं. मग वाट पाहण्याचे दिवस. या दिवसांत आळीत कोणी मोठ्याने बोललं नाही. कोळशाचे ट्रक हॉर्न वाजवत राहिले, पण तेही पोस्टमास्तरांच्या मते जरा जपून.

पाळी आली.

भैरवीने न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि नळ सोडून बसली. तिला मुलाचं वाईट वाटलं की आईचं, ते कळेना. दोन्ही एकाच जागी दुखत होतं. बाहेर काकांचा आवाज आला. काकूंनी त्यांना सांगितलं असावं. ते भिंतीपाशी गेले होते आणि खालच्या आवाजात म्हणत होते, "वहिनी, अपरिहार्य कारणास्तव..."

पुढल्या खेपेला बीज वाढलंच नाही. त्याच्या पुढल्या खेपेला वाढलं, फुटलं, आणि तरीही काही झालं नाही. डॉक्टर मिताली म्हणाल्या, "फुटलं म्हणजे झालंच असं नसतं. सगळं बरोबर असलेल्या बायकांनासुद्धा दर वेळी कुठे राहतं? पण मला एक सांगा. तुम्हाला हवंय का?"

भैरवी म्हणाली, "आईला हवं होतं."

"त्या म्हणाल्या तसं?"

"नाही. कावळा म्हणाला."

डॉक्टर हसल्या नाहीत. वणीत दवाखाना चालवायचा तर कावळा ही फार लहान गोष्ट होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. थायरॉइड आणि ही इन्सुलिनची भानगड, याचे उपचार तुम्हाला करायचेच आहेत. मूल हवं असलं तरी आणि नको असलं तरी. नाहीतर पुढे साखर वाढेल, पाळी थांबून थांबून येते त्याचा गर्भाशयाच्या अस्तराला त्रास होईल. हे शरीर तुमचं आहे, तुम्ही आजारी आहात म्हणून औषध. पण बीज वाढवायच्या गोळ्या कावळ्यासाठी मी लिहून देत नाही. तुम्हाला हव्या असतील तेव्हा या."

भैरवी रिक्षात बसून घरी आली. वाटेत तिच्या लक्षात आलं, की एवढ्या महिन्यांत "तुम्ही आजारी आहात" असं तिला कोणीच म्हटलं नव्हतं. सगळे एका येणाऱ्या पाहुण्याची खोली झाडत होते. खोलीला ताप आहे का हे कोण बघतं?

---

वर्षश्राद्ध आलं. काकांनी हट्टाने विधी पुन्हा निर्गुडेवरच ठेवला. "जिथे आश्वासन दिलं तिथेच खुलासा द्यावा लागतो."

तोच काठ, तेच गुरुजी, तोच कडुलिंब. मंडळी मात्र थोडी. काका-काकू, साकेत, मानीबाई आणि आळीतर्फे पोस्टमास्तर. पिंड ठेवला, शेजारी पानावर वडे, खीर, भाजी वाढली आणि सगळे मागे सरून उभे राहिले.

पांढऱ्या पिसाचा कावळा फांदीवर होता. तो खाली आला नाही.

काका पुढे झाले. वर्षभरात ते वाळले होते. "वहिनी," ते म्हणाले, "सर्वतोपरी प्रयत्न करण्यात आलेले आहेत. तथापि, काही तांत्रिक अडचणींमुळे... मुदतवाढ मिळावी ही विनंती."

कावळ्याने त्यांच्याकडे पाठ केली.

"नागपूरला नेऊ, वहिनी! टेस्ट ट्यूब करू!"

कावळा वरच्या फांदीवर गेला.

"जुळी!" काका ओरडले. "जुळ्यांचं आश्वासन देतो!"

"अहो, काय बोलताय!" काकू म्हणाल्या.

कावळा आणखी वर गेला. गुरुजी म्हणाले, "जरा आवरतं घ्या. मला राजूरला वास्तुशांत आहे."

तेव्हा भैरवी पुढे होऊन पिंडाजवळ गेली. वर न पाहता, पिंडाकडेच पाहत तिने विचारलं, आणि वर्षभर गिळलेलं ते वाक्य फार मोठं नव्हतं.

"आई, तुला खरंच पाहिजे होतं का? मग मला कधी म्हणाली का नाहीस?"

मग मागून मानीबाई बोलल्या.

"तिले कायले इचारतं, बेटी? तो त्या वचनाले शिवलाच नव्हता."

काका वळले. "काय म्हणालात?"

"तुमच्या वचनाले नाई शिवला म्हनलं. माह्या वचनाले शिवला."

"तुम्ही कधी दिलं वचन?"

"तवाच. तुमचं भाषन चालू होतं तवा. मी सुचित्राबाईले म्हनलं, तुमच्या पोरीले मी आता कोनाले काही इचारू देनार नाई. असं म्हनलं आन् तो आला खाली."

भैरवीच्या डोळ्यांसमोर ताटांची चळत पडली. मोबाइल वाजला. मानीबाई ओसरीवर सपशेल आडव्या झाल्या.

"म्हणजे ते राँग नंबर..." काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"राँगच व्हते. तुमी राँग नंबर लावून राह्यले होते, साहेब."

"मग हे वर्षभर बोलला का नाहीत?"

"मले कोनं इचारलं? आन् मेल्या मानसाले देल्लेलं वचन काय गावभर सांगत हिंडाव? ते काय बारशाचं आमंत्रन हाये?"

"पण माझं आश्वासन आधी पूर्ण झालं होतं! शब्दन् शब्द!"

"तुमचं गाडं तं 'उपरोक्त'वरच अडलं होतं, बाप्पा."

दोघंही भांडू लागली. पोस्टमास्तरांचं म्हणणं पडलं की आधी पोचलं कोणाचं ते बघावं. काकूंना आठवत नव्हतं. गुरुजी म्हणाले, त्यांचे डोळे मिटलेले होते. मग साकेतला आठवलं, की काकांचा मुलगा स्वानंद कॅनडात असतो, त्याच्यासाठी आपणच त्या दिवशी फोनवर चित्रीकरण केलं होतं. सगळे त्या फोनवर वाकले. उन्हात काही दिसेना म्हणून काकूंनी वर पदर धरला. दिसलं: काका हात हलवताहेत, मानीबाईंचे ओठ हलताहेत, कावळा उतरतोय, चोच भातात जातेय. आणि ऐकू येत होता फक्त ट्रकचा हॉर्न, आरंभापासून शेवटापर्यंत.

पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा हॉर्न.

"म्हणजे निर्णय देता येत नाही," काका खचून दगडावर बसले. मग एकदम उठले. "फेरचाचणी! मी माझं आश्वासन पुन्हा म्हणतो, यांनी यांचं म्हणावं. वेगवेगळं. हॉर्न नसताना."

त्यांनी म्हटलं. कावळा हलला नाही. मानीबाईंनी म्हटलं. कावळा उडाला, पण साकेतच्या मोटारसायकलीच्या आरशावर जाऊन बसला आणि आरशातल्या कावळ्याला चोची मारू लागला.

मानीबाई तोंडावर पदर घेऊन भैरवीजवळ आल्या. या खेपेला त्या खरंच रडत होत्या. "आता नाई येत तं नाई येवो. पन मी खोटं नाई बोलत, बेटी. तुले मालूम नाई. तू व्हायच्या आंधी नऊ वर्सं तुही याडी, माय तुही, काय काय आयकत होती! तिलेही असंच होतं, पाळी नाई, काही नाई. घरचे तं इचारतच. पन ट्रंक कॉलवाले इचारत! नागपूरची लाइन लागेपावतो मानूस रिकामा असते ना, मंग तो म्हने, मॅडम, तुमाले किती मुलं? बुक केला तीन मिनिटाचा कॉल आन् पाच मिनिटं हिचीच चौकशी. तवा तिनं शिकलं ते, तीन मिनिटं झाली. त्याच्या आंधी ती असं तोडत नव्हती कोनाले. मले म्हने, मानी, मले पोट्टं झालं तं मी त्याले कधी काहीच इचारनार नाई. आन् तू झाली. आन् तिनं नाई इचारलं."

भैरवी उभी होती. नदीवरून कोळशाच्या धुळीचा, ओल्या मातीचा वास आला. आई एकदा, फक्त एकदा, पूर्वीच्या उपचारांच्या वेळी, तिच्या सोनोग्राफीच्या दिवशी दवाखान्यात सोबत आली होती. बाहेर बाकावर बसली. भैरवी बाहेर आली तर काय निघालं असं न विचारता म्हणाली, "समोर कच्चा चिवडा चांगला मिळतो. खायचा?" त्या दिवशी भैरवीला तिचा राग आला होता. हिला काहीच कसं वाटत नाही?

"ताई," गुरुजी म्हणाले, "फार उशीर झाला. शास्त्रात सोय आहे. कावळा शिवत नसेल तर दर्भाचा कावळा करायचा आणि तो पिंडाला लावायचा. चालतो."

"म्हणजे प्रभारी?" काकांनी विचारलं.

"प्रभारी म्हणा. त्याची सही चालते."

"आणि मग कोणत्या वचनावर सही झाली म्हणायची?"

गुरुजींनी चार काड्या वळवून, गाठ मारून एक कावळा केला. चोच होती, शेपूट होतं; पाय राहिले. तो त्यांनी भैरवीच्या तळहातावर ठेवला. त्याला काही वजन नव्हतं.

"काय म्हणू?" तिने विचारलं.

"काही म्हणायचं असेल तर म्हणा. नसेल तरी चालतं."

भैरवी वाकली. डाव्या हाताने तिने पदर सावरला, आणि उजव्या हाताने गवताची ती चोच भातात खुपसली, सरळ, न चाचपडता, पिन खुपसावी तशी.

"लागला," ती म्हणाली. "बोल, आई."

मग तिने हात काढून घेतला, दोन पावलं मागे आली आणि उभी राहिली. गोळ्या ती घेणार होती. थायरॉइडची उद्या सकाळीच, उपाशीपोटी. त्या दुसऱ्या गोळ्यांचं तिने काही ठरवलं नव्हतं. ठरवायला तिला आता कोणाची घाई नव्हती, भिंतीवरच्याचीही नाही.

तेवढ्यात आरशाशी भांडून दमलेला पांढऱ्या पिसाचा कावळा उडाला, पानावर उतरला, गवताच्या कावळ्याला त्याने चोचीने बाजूला सारलं आणि पिंडात डोकं घातलं. मग एक वडा उचलला.

"शिवला!" काका धावत पुढे आले. "पण कशाला? वहिनी, कोणत्या आश्वासनाला? भैरवी, विचार ना तिला! आता आलीच आहे तर विचारून घे!"

"नको, काका," भैरवी म्हणाली. "लाइन चालू आहे."

काका थबकले. मानीबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि मागे घेतलं, आणि ते कसे कोण जाणे, गेले. सगळे कडुलिंबाखाली गप्प उभे राहिले. पुलावरून एक ट्रक गेला, हॉर्न न वाजवता. कावळा सावकाश जेवत होता. पोस्टमास्तर सवयीने घड्याळ बघू लागले, तशी मानीबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.